फॉर्म ७०९: नवरा-बायकोचे दोन फॉर्म आणि एकमेकांच्या सह्या

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये मुलांच्या पहिल्या घराच्या डाउन पेमेंटला आई-वडिलांनी हातभार लावणं आता नेहमीचं झालंय. पैसे पाठवायला फार वेळ लागत नाही. पुढच्या वर्षी टॅक्सच्या दिवसांत मात्र फॉर्म ७०९, म्हणजे दिलेल्या भेटी अमेरिकी सरकारकडे नोंदवायचा गिफ्ट टॅक्सचा फॉर्म, समोर येतो आणि भलेभले अडतात. आम्ही २०२३ मध्ये दिलेल्या पैशांसाठी हा फॉर्म २०२४ मध्ये पहिल्यांदा भरला. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि दोघंही अमेरिकी नागरिक आहोत. हे दोन तपशील पुढे महत्त्वाचे आहेत.

आधी दोन गैरसमज. गिफ्ट टॅक्सची जबाबदारी देणाऱ्याची असते. घेणाऱ्याला त्या पैशावर इन्कम टॅक्स नाही आणि त्याच्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर, म्हणजे १०४० वर, त्याची नोंदही नाही. दुसरं म्हणजे, वार्षिक मर्यादा ओलांडली म्हणून लगेच टॅक्स लागत नाही, फक्त नोंदवावं लागतं. २०२३ साठी ही मर्यादा देणाऱ्या एका माणसाकडून घेणाऱ्या एका माणसाला १७,००० डॉलर होती. २०२४ ला ती १८,००० झाली, २०२५ ला १९,०००, आणि २०२६ लाही १९,००० च आहे. त्यावरची रक्कम आजीवन सुटीतून, म्हणजे आयुष्यभरात टॅक्सशिवाय देता येणाऱ्या एकूण रकमेतून, वजा होते. २०२३ ला ही सूट माणशी १ कोटी २९ लाख २० हजार डॉलर होती. म्हणजे आपल्यासारख्यांना टॅक्स भरावा लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य, पण फॉर्म चुकत नाही.

मार्च २०२३ मध्ये मुलाचं आणि सुनेचं घर ठरलं. आम्ही १,६०,००० डॉलर द्यायचे होते. घर दोघांच्या नावावर होणार होतं, म्हणून भेटही दोघांना द्यायची, प्रत्येकी ८०,०००. हे नुसतं मनात ठरवून भागत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीला गिफ्ट लेटर लागतं. त्यात देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्यांची नावं, नातं, रक्कम, कुठल्या खात्यातून येणार, घराचा पत्ता आणि ‘ही रक्कम परत करायची नाही’ हे वाक्य असावं लागतं. कंपनीच्या छापील नमुन्यात घेणाऱ्यासाठी एकच रकाना होता. तिथे मुलगा आणि सून दोघांची नावं आणि प्रत्येकाची रक्कम लिहून घेतली. या एका ओळीमुळे मर्यादा एकाऐवजी दोन माणसांसाठी मोजता आली, आणि त्याचा पुरावाही हातात राहिला. सोबत कंपनीने दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स मागितली. खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की तिचाही खुलासा मागतात, त्यामुळे एफडी मोडायची असेल तर आधीच मोडून ठेवावी.

पैसे नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यातून १२ मे रोजी थेट टायटल कंपनीला (घराच्या खरेदीचे पैसे आणि कागद सांभाळणारी कंपनी) वायर केले. फी ३० डॉलर. संयुक्त खात्यातून दिले असते तरी चाललं असतं, पण मग देणारा कोण आणि किती, हे त्या खात्यात कुणी किती पैसे भरले यावर ठरतं. एका नावाच्या खात्यातून दिलं की हा प्रश्नच उरत नाही. वायर करण्याआधी टायटल कंपनीला स्वतः फोन करून खाते क्रमांक पडताळावा, ईमेलमधल्या क्रमांकावर विसंबू नये. त्या ईमेलमध्ये फसवणूक सर्रास होते.

जूनमध्ये माझ्या भाच्याच्या ग्रॅज्युएशनला मी २,००० डॉलरचा चेक दिला. ही रक्कम इथे सांगायचं कारण पुढे येईल. चेकची एक गोम आहे. डिसेंबरअखेर दिलेला चेक समोरच्याने जानेवारीत भरला तर ती भेट साधारणपणे जानेवारीच्या वर्षात मोजली जाते. वर्षाची मर्यादा वापरायची असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चेक देऊ नये, वायर करावी.

मुलीची मास्टर्सची फी आम्ही थेट विद्यापीठाला भरली. अशी फी गिफ्ट धरतच नाहीत, कितीही असो, आणि ती फॉर्मवरही येत नाही. हॉस्पिटलचं बिल थेट हॉस्पिटलला भरलं तरी तसंच. मात्र ही सवलत फक्त ट्यूशनला आहे. राहण्याचा खर्च, पुस्तकं, लॅपटॉप त्यात बसत नाही. आणि पैसे मुलीच्या खात्यात टाकून तिने फी भरली, तर सवलत गेली.

सप्टेंबरमध्ये मी माझ्या ब्रोकरेज खात्यातून मुलीला एका कंपनीचे ४०० शेअर दिले. शेअरच्या बाबतीत बंद भाव चालत नाही. भेटीच्या दिवशीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या भावाची सरासरी घ्यायची. १९ सप्टेंबरला वरचा भाव १५२.४० आणि खालचा १४७.६० होता, म्हणून सरासरी १५०, आणि भेटीची किंमत ६०,००० डॉलर. तारीखही नीट पाहावी लागते. मी ब्रोकरला पत्र दिलं तो दिवस धरायचा नाही, शेअर मुलीच्या खात्यात जमा झाले तो दिवस धरायचा. मी ते ३० डॉलरने घेतले होते, म्हणून माझी मूळ किंमत १२,००० तिच्याकडे तशीच जाते. उद्या तिने १५० ला विकले तर ४८,००० च्या नफ्यावरचा टॅक्स तिचा. हे तिला आधी सांगितलं आणि खरेदीच्या पावत्या दिल्या. ब्रोकर बदलला की मूळ किंमत पोचायला वेळ लागतो, कधी रकाना कोराच राहतो.

नोव्हेंबरमध्ये, भाऊबीजेच्या आधी, नवऱ्याने पुण्याला माझ्या नणंदेला ३०,००० डॉलर पाठवले. घेणारी व्यक्ती भारतात असली, भारतीय नागरिक असली, तरी फॉर्म ७०९ च्या दृष्टीने काही फरक पडत नाही. देणारा इथला असला की झालं. भारतातला जुना गिफ्ट टॅक्स १९९८ मध्येच रद्द झाला. आता आयकर कायद्यात ‘नातेवाईक’ कोण याची यादी आहे, आणि त्या यादीतल्या माणसाकडून आलेल्या भेटीवर रकमेची मर्यादा नाही. बाकीच्यांकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर आलं तर सगळी रक्कम करपात्र. भाऊ यादीत आहे, त्यामुळे नणंदेला कर नाही. पण यादी वाचताना एक विचित्र गोष्ट दिसते. मामाने भाच्याला दिलं तर चालतं, भाच्याने मामाला दिलं तर चालत नाही. आई-वडिलांची भावंडं यादीत आहेत, भावंडांची मुलं नाहीत. इथून काका-मामांना मोठी रक्कम पाठवणाऱ्यांनी हे आधी पाहावं. बँकेने पैसे कशासाठी हे विचारल्यावर नणंदेने वैयक्तिक भेटीचा पर्पज कोड सांगितला, पी१३०२. शिवाय साध्या कागदावर गिफ्ट डीड करून दोघांनी सह्या केल्या. सक्ती नाही, पण चार वर्षांनी नोटीस आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

हिशेबाला जानेवारी २०२४ मध्ये बसलो. नवऱ्याने दिले मुलाला ८०,०००, सुनेला ८०,०००, नणंदेला ३०,०००. मी दिले मुलीला ६०,००० चे शेअर आणि भाच्याला २,०००. आपापलं वेगळं ठेवलं तर नवऱ्याच्या नावावर ६३, ६३ आणि १३ हजार, म्हणजे १,३९,००० करपात्र. माझ्या नावावर ४३,०००. एकूण १,८२,०००. आता गिफ्ट स्प्लिटिंग पाहा. यात प्रत्येक भेट दोघांनी निम्मी-निम्मी दिली असं मानतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला मुलगा ४०, सून ४०, मुलगी ३०, नणंद १५, भाचा १ हजार, मिळून १,२६,०००. यातून सूट १७, १७, १७, १५ आणि १, म्हणजे ६७,०००. उरले प्रत्येकी ५९,०००, दोघांचे मिळून १,१८,०००. आजीवन सुटीतले ६४,००० वाचले. नणंदेच्या आणि भाच्याच्या रांगेत सूट रकमेइतकीच धरायची, सरसकट १७,००० नाही. हाताने फॉर्म भरताना इथे गफलत होते.

स्प्लिटिंग सगळ्यांना मिळत नाही. भेट दिली तेव्हा लग्न झालेलं असावं लागतं, आणि दोघंही नागरिक किंवा रहिवासी असावे लागतात. इथला ‘रहिवासी’ म्हणजे इन्कम टॅक्ससारखी दिवसांची मोजणी नाही. कायमचं इथेच राहायचा इरादा आहे का, हा निकष आहे. दोघांतलं एक एच-वन-बी किंवा एच-फोरवर असेल तर स्प्लिटिंग निवडण्याआधी जाणकाराला विचारावं. जोडीदार नागरिक नसेल तर नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेल्या पैशालाही मर्यादा आहे, २०२३ ला १,७५,००० डॉलर. नागरिक जोडीदाराला मात्र मर्यादा नाही. आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा राज्यांत लग्नानंतरची कमाई मुळातच दोघांची निम्मी-निम्मी असते. त्या पैशातून दिलेली भेट आपोआप दोघांची होते, स्प्लिटिंग निवडायची गरज नसते. तरी निम्मी रक्कम मर्यादेच्या वर गेली तर दोघांना आपापला ७०९ भरावाच लागतो. कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या मित्राचा भरलेला फॉर्म समोर ठेवून न्यू जर्सीत भरायला गेलात तर जुळणार नाही, ते यामुळेच.

स्प्लिटिंगची संमती वर्षातल्या सगळ्या भेटींना लागू होते, हवी ती निवडता येत नाही. आणि स्प्लिटिंग घेतलं की फॉर्मच्या सूचनांप्रमाणे लग्न असताना त्या वर्षी दिलेली प्रत्येक भेट यादीत दाखवावी लागते, निम्मी केल्यावर ती मर्यादेच्या आत असली तरी. भाच्याचे २,००० फॉर्मवर आले ते यासाठी. वर्षभराची स्टेटमेंट्स काढून चेक आणि ऑनलाइन पाठवलेल्या रकमा एकदा चाळाव्या लागतात.

इन्कम टॅक्स एकत्र भरला तरी ७०९ एकत्र भरता येत नाही. संयुक्त गिफ्ट टॅक्स रिटर्न असा प्रकारच नाही. दोघांपैकी एकाने भरून चालतं, पण फक्त एकाच परिस्थितीत: भेटी एकानेच दिल्या असतील, कुणालाही दुप्पट मर्यादेपेक्षा, म्हणजे २०२३ ला ३४,००० पेक्षा जास्त दिलं नसेल, आणि सगळ्या भेटी लगेच वापरता येण्याजोग्या असतील. आमचं यात बसत नव्हतं, म्हणून दोन फॉर्म.

एका सीपीएने (हिशेबतज्ज्ञाने) दोन फॉर्मचे १,२०० डॉलर सांगितले, दुसऱ्या बाईंनी ७००. आम्ही फॉर्म स्वतः भरले आणि त्या बाईंना तपासणीपुरते २५० दिले. रोख रक्कम आणि बाजारात विकले जाणारे शेअर असतील तर हे जमण्यासारखं आहे. जमीन, फ्लॅट, खाजगी कंपनीतला हिस्सा किंवा ट्रस्ट असेल तर मात्र पैसे वाचवायला जाऊ नये, किमतीचा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. घरगुती टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये हा फॉर्म सहसा नसतो, पीडीएफ उतरवून त्यातच टाइप करावं लागतं.

भरायला सुरुवात शेड्यूल ए, म्हणजे भेटींच्या यादीपासून करावी, पहिल्या पानापासून नाही. नवऱ्याच्या फॉर्मवर भाग १ मध्ये त्याच्या तीन भेटी: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं, वर्णन, देणाऱ्याची मूळ किंमत, तारीख, पूर्ण किंमत, निम्मी किंमत आणि निव्वळ रक्कम. त्याच्याखाली ‘जोडीदाराने दिलेल्या भेटी’ असा वेगळा तक्ता आहे. त्यात माझ्या दोन. माझ्या फॉर्मवर याच्या उलट, वर माझ्या दोन, खाली त्याच्या तीन. दोन्ही फॉर्मच्या शेवटच्या रकान्याची बेरीज सारखीच यायला हवी, आमची १,२६,०००. ती जुळली नाही तर पुढे जाऊच नये. एकतर निम्मी करायची राहिलेली असते, नाहीतर खालच्या तक्त्यातली एखादी भेट सुटलेली असते. नातवंडांना दिलेलं भाग १ मध्ये येत नाही. ते भाग २ मध्ये जातं आणि एक पिढी ओलांडल्याचा वेगळा हिशेब मागे लागतो.

भाग ४ मध्ये १,२६,००० मधून ६७,००० वजा करून ५९,००० येतात. ते पहिल्या पानावरच्या टॅक्सच्या हिशेबात न्यायचे. तक्त्याप्रमाणे ४०,००० पर्यंत ८,२०० आणि वरच्या १९,००० वर २४ टक्के म्हणजे ४,५६०, एकूण १२,७६० डॉलर. हा आकडा पाहून दचकू नका. खालच्या ओळीवर २०२३ चं क्रेडिट ५१,१३,८०० डॉलर लिहायचं असतं. त्यातून १२,७६० वापरले जातात आणि भरायची रक्कम शून्य येते. फॉर्मवर सुटीची रक्कम लिहीत नाहीत, तिच्यावरचा टॅक्स लिहितात. तिथे १ कोटी २९ लाख लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत.

जोडीदाराच्या संमतीच्या ओळी पहिल्या पानावर होत्या, २०२३ च्या फॉर्ममध्ये १२ ते १८. अठराव्या ओळीवर सही दुसऱ्याची हवी: नवऱ्याच्या फॉर्मवर माझी, माझ्या फॉर्मवर त्याची. शिवाय तळाशी आपापली. म्हणजे दोन फॉर्मवर मिळून चार सह्या. या संमतीने त्या वर्षीच्या दोघांच्या गिफ्ट टॅक्सची जबाबदारीही दोघांवर येते. वेळेचाही नियम कडक आहे. १५ एप्रिलनंतर पहिल्यांदा भरत असाल तर जो फॉर्म आधी जाईल त्यातच स्प्लिटिंग निवडलेलं असलं पाहिजे. एकाने साधा फॉर्म टाकून दिला की त्या वर्षापुरतं दार बंद. म्हणून घाईने एकाचा फॉर्म पुढे पाठवू नये.

मुदत १५ एप्रिल. इन्कम टॅक्ससाठी फॉर्म ४८६८ ने मुदतवाढ घेतली असेल तर ७०९ लाही आपोआप ऑक्टोबरपर्यंत मिळते. फक्त ७०९ साठी हवी असेल तर फॉर्म ८८९२. टॅक्स शून्य असताना उशिराच्या दंडाची टक्केवारीही शून्यावरच लागते, म्हणून लोक टाळतात. पण भेट नीट जाहीर केली तरच तीन वर्षांचा तपासणीचा काळ सुरू होतो. फॉर्मच भरला नाही तर तो सुरूच होत नाही, आणि वीस वर्षांनी, आपल्या मागे इस्टेटचा हिशेब करताना, मुलांना उत्तरं द्यावी लागतात. आम्ही प्रत्येक फॉर्मला गिफ्ट लेटर, वायरची पावती, शेअर जमा झाल्याचं स्टेटमेंट आणि त्या दिवशीचे दोन्ही भाव जोडले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फॉर्म एकाच पाकिटात कॅन्सस सिटीला गेले. एकाच पाकिटात पाठवा असं सूचनांतच म्हटलंय, नाहीतर दुसरा फॉर्म कुठे म्हणून पत्र येऊ शकतं. १०४० ई-फाइल केला होता, तो यात घालायचा नसतो. सर्टिफाइड मेल आणि परतीच्या पोचपावतीचे मिळून दहा-अकरा डॉलर झाले. पावतीवरचा पोस्टाचा शिक्का हाच वेळेत पाठवल्याचा पुरावा.

पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं आणि त्यानंतर काहीच नाही. मंजूर झालं, मिळालं, असं पत्र येत नाही. रिफंडही नसतो, त्यामुळे बघायला काही नसतं. खात्री हवी असेल तर फॉर्म ४५०६-टी ने अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी नोंदीचा उतारा, मागवता येतो. त्यावर फॉर्मचा क्रमांक ७०९, काळ १२/३१/२०२३, आणि दोघांचे वेगळे अर्ज. तो फुकट आहे. हा अर्ज लगेच करण्यात अर्थ नाही, कागदी फॉर्मची नोंद व्हायला महिने जातात. आम्ही सप्टेंबरमध्ये केला आणि काही आठवड्यांनी दोघांच्याही ट्रान्स्क्रिप्टवर रिटर्न मिळाल्याची तारीख आणि शून्य बाकी दिसली.

न्यू जर्सीला यातलं काही कळवावं लागत नाही. राज्याचा स्वतःचा गिफ्ट टॅक्स असलेलं राज्य एकच, कनेक्टिकट. मात्र न्यू जर्सीत इनहेरिटन्स टॅक्स (वारसा कर) आहे, आणि मृत्यूआधीच्या तीन वर्षांत दिलेल्या मोठ्या भेटी त्यात ओढल्या जाऊ शकतात. मुलामुलींना तो माफ आहे. सून, जावई, भाऊ, बहीण यांना नाही. वय झालेल्या देणाऱ्यांनी सुनेच्या नावावरचा हिस्सा ठरवताना हे लक्षात घ्यावं.

पैसे उलट दिशेने, म्हणजे पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांकडून इथल्या मुलांना येत असतील तर ७०९ चा संबंध नाही. तिथे फॉर्म ३५२०. परदेशी व्यक्तीकडून वर्षाला १,००,००० डॉलरच्या वर भेट आली तर घेणाऱ्याने तो भरायचा. टॅक्स त्यातही नाही, पण राहिला तर दंड भेटीच्या रकमेवर लागतो, महिन्याला ५ टक्के आणि जास्तीत जास्त २५. ७०९ विसरण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं, आणि आपल्या लोकांत याचीच माहिती सर्वांत कमी आहे.

२०२४ च्या वर्षापासून ७०९ ची मांडणी बदलली आहे. संमतीचा स्वतंत्र भाग आला, आणि जोडीदाराची सही वेगळ्या संमतीपत्रावर घेऊन ते जोडावं लागतं. त्यामुळे वर दिलेले ओळींचे क्रमांक २०२३ पुरतेच धरा. २०२५ पासून हा फॉर्म ई-फाइलही होऊ लागला. आजीवन सूट २०२५ नंतर निम्म्यावर येणार होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ते टळलं आणि २०२६ पासून ती दीड कोटी डॉलर झाली. पुढे कधीही पुन्हा ७०९ भरायची वेळ आली तर शेड्यूल बी मध्ये आधीच्या वर्षांचे आकडे मागतात, आमच्या बाबतीत २०२३ चे प्रत्येकी ५९,००० आणि वापरलेलं क्रेडिट १२,७६०. इन्कम टॅक्सचे कागद सात वर्षांनी फाडले तरी चालतात, ७०९ च्या प्रती मात्र ठेवाव्या लागतात, कारण शेवटी, मृत्यूनंतर, इस्टेट टॅक्सचा फॉर्म ७०६ भरणाऱ्याला त्याच लागतात. आमच्या प्रती मृत्युपत्राच्या फाइलमध्ये आहेत, आणि ती फाइल कुठे असते ते दोन्ही मुलांना माहीत आहे.